थोरल्याच्या आजारावरून धाकट्याचं निदान

मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी हे लांबलचक नाव ज्या घरात शिरतं, तिथे लवकरच त्याचं ‘एमएलडी’ होतं. मूल चांगलं जन्मतं. वेळेवर मान धरतं, बसतं, बहुतेक वेळा चालायलाही लागतं. मग दीड-दोन वर्षांच्या सुमारास पडायला लागतं. काही महिन्यांत चालणं जातं, मग बसणं, बोलणं, शेवटी गिळणंही. एआरएसए नावाच्या एका जनुकात बिघाड असल्यामुळे सल्फटाइड ही चरबी फोडणारं विकर शरीरात बनत नाही. ती चरबी साचत जाते आणि विजेच्या तारेवर प्लास्टिक असावं तसं मज्जातंतूंवर जे मायलिनचं आवरण असतं, ते झडत जातं.

डिसेंबर 2020 मध्ये युरोपने आणि मार्च 2024 मध्ये अमेरिकेने या आजारावरच्या जनुक-उपचाराला मान्यता दिली. मुलाच्याच मूळपेशी (स्टेम सेल) काढायच्या, त्यांत चांगलं जनुक घालायचं आणि त्या मुलाला परत द्यायच्या. पण हे लक्षणं दिसण्याआधी करावं लागतं, फार तर अगदी सुरुवातीला. आणि लक्षणांआधी हा आजार कळतो तो बहुधा एकाच मार्गाने : घरातल्या थोरल्या भावंडाला तो झालेला असतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत हा उपचार पहिल्यांदा मँचेस्टरच्या मुलांच्या रुग्णालयात दिला गेला, त्याची बातमी 2023 मध्ये आली. तो धाकट्या बहिणीला मिळाला. थोरलीची वेळ टळून गेली होती.

माझी मावशी मुलांच्या मेंदूविकारांची डॉक्टर. तिची सगळी नोकरी मुंबईच्या सरकारी रुग्णालयात गेली. माझा दादा विषाणूंच्या कवचात जनुकं भरण्याचं काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. या विषयावर दोघांचं वाजतं, ते नवीन नाही. यावेळी मी ते लिहून घेतलं, कारण मला त्यात एक बाजू घ्यायची आहे.

दादा : मावशी, बाळ जन्मलं की टाचेतून रक्ताचे चार थेंब फिल्टर पेपरवर घ्यायचे आणि सल्फटाइड मोजायचं. नॉर्वेने 2025 पासून देशातल्या सगळ्या बाळांसाठी हे सुरू केलंय. आपण निदान सुरुवात तरी का करत नाही?

मावशी : कारण नॉर्वेत रिपोर्ट वाईट आला तर त्या बाळाला पुढे कुठे न्यायचं हे ठरलेलं आहे. इथे मी कुठे पाठवू? तुला आमच्या ओपीडीतली एक आई सांगते. मांडीवर दोन वर्षांचा मुलगा, अंग ताठरलेलं, मान पडलेली. मी विचारलं, चालत होता का? ती काही बोललीच नाही. पर्समधून मोबाइल काढला आणि व्हिडिओ लावला. पहिला वाढदिवस, पायांत ते चालताना आवाज करणारे बूट, टीपॉय सोडून पोरगं चार पावलं टाकतंय आणि मागून कुणीतरी ‘ये ये’ म्हणतंय. तपासायला आलेल्या प्रत्येक रेसिडेंटला ती तो व्हिडिओ दाखवायची. आपलं मूल जन्मापासून असं नव्हतं, याचा तिच्याकडे तेवढाच पुरावा. आणि तिला पाचवा महिना होता.

दादा : गर्भजल तपासलं नाहीत?

मावशी : काय शोधायचं ते आधी कळायला नको का? थोरल्याचं एमआरआय, मग विकराची तपासणी, मग जनुकाचा रिपोर्ट. पैसे जमवत जमवत ते सगळं हातात येईपर्यंत दिवस भरत आले होते. धाकटीची तपासणी जन्मल्यावर केली. तीही तशीच निघाली. दोन महिन्यांची होती, दूध नीट ओढत होती, बोट धरत होती. मी त्या आईला सांगितलं की युरोपात उपचार आहे, इथे नाही. त्यानंतर वर्षभर ती दर महिन्याला मुलीला घेऊन यायची आणि विचारायची, पाय बरोबर टाकतेय ना? त्या एका वर्षाचं काय करायचं ते मला सांग. मला कळलं नसतं, तर तिला ते वर्ष तरी मिळालं असतं.

यावर दादा लगेच बोलला नाही. मावशीचं हे म्हणणं पुस्तकी नाही. नवजात तपासणीलाही लावले जाणारे, रोगतपासणीचे जगभर मानले गेलेले निकष 1968 मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिले, त्यातलाही एक मुद्दा हाच : ज्या आजारावर मान्य उपचार हाताशी आहे, तोच शोधायला निघावं. फरक इतकाच की निकष लिहिणाऱ्यांना त्या आईच्या समोर बसावं लागलेलं नव्हतं.

दादा : ती मुलगी, मावशी, मिलानच्या डॉक्टरांनी डोळे झाकून घेतली असती. दोन महिन्यांची, एकही लक्षण नाही. 2013 मध्ये तिथल्या सान राफाएले-टेलेथॉन संस्थेच्या आलेस्सांद्रा बिफ्फी आणि लुइजी नाल्दिनी यांच्या गटाने हा उपचार दिलेल्या ज्या तीन मुलांचे निकाल छापले, ती अशीच, लक्षणं नसलेली होती. तू म्हणतेस, ते वर्ष वाया गेलं. मी म्हणतो, आजवर आपल्याकडे जी मुलं वाचवता आली असती, त्यांतलीच एक तुझ्या टेबलावर होती.

मावशी : 42 लाख 50 हजार डॉलर. अमेरिकेतली किंमत. रुपयांत किती?

दादा : तेव्हाच्या दराने 35 कोटींच्या आसपास.

मावशी : आणि दुर्मीळ आजारांच्या धोरणात आपलं सरकार देतं जास्तीत जास्त 50 लाख. आधी 20 होते, 2022 मध्ये वाढवले. मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्या धोरणातलं एक केंद्र. तिथल्या डॉक्टरांना विचार, 50 लाखांत कुठल्या आजाराच्या मुलाचं किती वर्षं भागतं.

दादा : ती किंमत त्या बाटलीत जे आहे त्याची नाही. काय करतात बघ. बाळाच्या रक्तातून किंवा अस्थिमज्जेतून मूळपेशी काढतात. एचआयव्हीच्या कुळातला, पण आजार न करणारा विषाणू घेतात. त्याच्या पोटात एआरएसए जनुक ठेवलेलं असतं, तो ते मूळपेशीच्या गुणसूत्रात नेऊन बसवतो. पेशी गोठवतात, तपासतात. इकडे बाळाला बुसल्फान देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि नव्या पेशी शिरेतून चढवतात. त्यांतल्या काहींची पुढची पिढी रक्तातून मेंदूत जाते, तिथे मुक्काम करते आणि विकर बाहेर सोडते. शेजारच्या पेशी ते उचलतात. मेंदूत सुई घालावी लागत नाही. यातली कुठली गोष्ट भारतात होत नाही? थॅलेसीमियाच्या मुलांना आपण वर्षानुवर्षं बुसल्फान देतोय.

मावशी : विषाणू?

दादा : तोही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया ए असलेल्या पाच जणांवर नेमका हाच प्रकार केला. त्यांच्याच मूळपेशी, त्याच जातीचा विषाणू, फक्त आत जनुक रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठचं. डिसेंबर 2024 मध्ये निकाल छापून आले. आणि मुंबईत, पवईच्या आयआयटीत आणि टाटा हॉस्पिटलमध्ये मिळून रक्ताच्या कर्करोगावरचा कार-टी उपचार तयार झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. परदेशात ज्याला काही कोटी लागतात, ते इथे चाळीसेक लाखांत आलं. त्यातही पेशींत जनुक नेणारा हाच विषाणू. फॅक्टर आठच्या जागी एआरएसए घालणं हा मूलभूत विज्ञानाचा प्रश्न उरलेला नाही. पैसा, कारखाना, परवानगी आणि मुलं, एवढंच हवंय. आणि ही मुलं नावानिशी कुणाकडेच नाहीत, कारण आपण ती शोधतच नाही.

मावशी : इतकं सोपं करून सांगू नकोस. एएलडीचं काय झालं ते तुलाही माहीत आहे.

एएलडी, म्हणजे ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी, हा मुलग्यांना गाठणारा चुलत आजार. त्यावर मूळपेशी आणि जनुक यांचा असाच उपचार 2009 मध्ये पॅरिसच्या नाताली कार्तिए आणि पॅट्रिक ओबूर्ग यांनी दोन मुलांवर यशस्वी केल्याचं जाहीर केलं. पुढे एका अमेरिकन कंपनीने त्याच वाटेने औषध काढलं, सप्टेंबर 2022 मध्ये मान्यता मिळाली. 2024 मध्ये कळलं की चाचण्यांत उपचार घेतलेल्या 67 मुलांपैकी 7 जणांना रक्ताचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था झाली.

मावशी : मेंदू वाचला आणि रक्तात कॅन्सर झाला. आईबापांना कुठल्या तोंडाने सांगायचं? बुसल्फानने पुढे मूल होण्याची शक्यता जाऊ शकते, ते वेगळंच.

दादा : सांगायचं, जसं आहे तसं. कारणही कळलेलं आहे. नवं जनुक चालू राहावं म्हणून त्याच्यापुढे एक तुकडा जोडतात. एएलडीच्या औषधात तो तुकडा फार जोरकस, विषाणूंपासून घेतलेला होता. तो गुणसूत्रात जिथे जाऊन बसला, तिथल्या शेजारच्या कर्करोगाशी संबंधित जनुकांनाही त्याने जागं केलं. एमएलडीच्या औषधात तो तुकडा माणसाच्याच जनुकाचा आहे, सौम्य. छापून आलेल्या निकालांत त्या मुलांत असा कर्करोग नाही. म्हणून मी एमएलडीच म्हणतोय.

हे ऐकताना मला दादाबद्दल पहिल्यांदा पूर्ण भरवसा वाटला. औषध ‘चांगलं’ की ‘वाईट’ असं न म्हणता त्यातला कुठला तुकडा काय करतो, ते तो सांगू शकत होता. या विषयावर आपल्याकडे जे बोललं जातं, त्यात ही नेमकी गोष्ट हरवते. ‘स्टेम सेल’ म्हटलं की सगळं एकच होऊन जातं. मावशीचा सगळ्यात जास्त राग आहे तो त्यावरच.

मावशी : तुमच्या या चांगल्या शब्दाच्या आड काय चाललंय, ते बघ. कुणालाही सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, एमएलडी, काहीही असो. मुलाच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि मणक्यातून परत टोचतात. चार सिटिंग, पाच सिटिंग. माझ्याकडे येणारे आईबाप तिथून येतात, शेत विकून झाल्यावर. आनुवंशिक आजारात तर हे सरळसरळ खोटं आहे. त्या मुलाच्या प्रत्येक पेशीत तोच बिघाड आहे. हाडातली पेशी काढून मणक्यात घातली, तर बिघाड हाडातून मणक्यात गेला. एवढंच झालं.

दादा : यात आपलं एकमत आहे.

मावशी : एकमत असून उपयोग काय? आयसीएमआरच्या 2017 च्या सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशी फक्त परवानगी घेतलेल्या ट्रायलमध्ये वापरायच्या, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून पैसा घ्यायचा नाही. जिथे बिल फाडतात, तिथे ट्रायल नाही, हे ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. तू नवजात तपासणी सुरू कर, पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन ती माणसं आधी वेल्लोरला जातील की यांच्याकडे?

या प्रश्नाचं उत्तर दादाकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. अर्धवट माहिती हातात असलेला घाबरलेला बाप सर्वांत आधी तिथेच जातो जिथे फोन पहिल्या रिंगला उचलला जातो. सरकारी ओपीडीत तो उचलला जात नाही.

बोलणं एसएमएकडे, म्हणजे स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराकडे वळलं, ते वळणारच होतं. 2021 मध्ये ‘16 कोटींचं इंजेक्शन’ महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. व्हॉट्सॲपवर बाळांचे फोटो फिरले, लोकवर्गणी जमली, आयातकर माफ झाला. ज्यांचा फोटो फिरला नाही, त्या बाळांचं काय, हे मावशीने तेव्हाही विचारलं होतं.

मावशी : त्या इंजेक्शनची मुलंही मी बघितली. वाचली, पण उशिरा मिळालं त्यांचं आयुष्य तरीही व्हीलचेअरवरच आहे.

दादा : म्हणूनच तर म्हणतोय! लक्षणांआधी, जन्मल्यापासून सहा आठवड्यांच्या आत ज्यांना ते दिलं, त्या चाचणीचे आकडे बघ. गंभीर प्रकार होण्याची शक्यता असलेली 14 बाळं. चौदाच्या चौदा बसली. उपचार नसते, तर त्या प्रकारचं बाळ कधीच बसत नाही. औषध तेच, फरक फक्त महिन्यांचा.

मावशी : एसएमएचं मी मान्य करते. उद्यापासून प्रत्येक बाळाची तपासणी सुरू करा, मी रांगेत पहिली. कारण तिथे माझ्या हातात द्यायला काहीतरी आहे. आणि ते तुझ्या जनुक-उपचाराने आलं नाही, कोर्टातून आलं.

तिचा रोख रिस्डिप्लामकडे होता. हे औषध तोंडाने रोज, आयुष्यभर घ्यावं लागतं. मूळ कंपनी रोश. तिची एक बाटली सहा लाखांच्या घरात होती. हैदराबादच्या नॅटकोने आपली आवृत्ती आणायचं ठरवलं, रोशने पेटंटवरून दिल्ली हायकोर्ट गाठलं, तिथे मनाईहुकूम मिळाला नाही, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हस्तक्षेप केला नाही. नॅटकोने बाटली 15,900 रुपयांना बाजारात आणली. 20 किलोंच्या वरच्या मुलाला एक बाटली 12 दिवस पुरते, म्हणजे वर्षाला तीसेक बाटल्या : आधी पावणेदोन कोटींच्या पुढे, आता पावणेपाच लाखांच्या आसपास. पावणेपाच लाखही दरवर्षी कुणा रिक्षावाल्याला परवडत नाहीत. पण सरकारला परवडतात, आणि 50 लाखांत दहा वर्षं निघतात. मला हा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो. ‘दुर्मीळ आजार म्हणजे अशक्य खर्च’ हे वाक्य एका निकालानंतर एका आजारापुरतं तरी खोटं ठरलं.

दादा : मग तोच न्याय एमएलडीला लाव ना. आज औषध नाही म्हणून शोधायचं नाही, आणि शोधलेलं नाही म्हणून औषध करायला कुणी पुढे येत नाही. तैवानचं बघ. एएडीसी या विकराची कमतरता, मुलांना मानही धरता येत नाही, तासन्‌तास डोळे वर फिरलेले. तैपेईच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये मेंदूत थेट जनुक सोडण्याचे प्रयोग चालू होते. बाजारात औषध यायला अजून नऊ वर्षं होती, युरोपची मान्यता आली 2022 मध्ये. पण 2013 मध्येच त्यांनी नवजात बाळं तपासायला सुरुवात केली. दोन-सव्वादोन वर्षांत 1,27,987 बाळं तपासली, चार सापडली. चार, मावशी. त्या चारांसाठी त्यांनी यंत्रणा उभी केली.

मावशी : तैपेईत तपासणारा, ऑपरेशन करणारा आणि ट्रायल चालवणारा एकाच छपराखाली होता. तिथे आईला नुसतं ‘घरी जा आणि वाट बघा’ एवढंच सांगायची वेळ नव्हती. तू मला ते छप्पर दाखव.

यानंतर मावशी तिच्या आवडत्या मुद्द्यावर आली, आणि तोही बाजूला सारण्यासारखा नाही. एमएलडी आणि एसएमए दोन्हींत आईकडून एक आणि बापाकडून एक असं बिघडलेलं जनुक यावं लागतं. दोघेही धडधाकट, दोघेही वाहक, प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. एसएमएचा वाहक साधारण 40 ते 60 माणसांत एक असतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाचा रिवाज अजून पुष्कळ घरांत आहे, आणि दुर्मीळ जनुक एकाच कुळात फिरत राहिलं की त्याची गाठ पडणं सोपं होतं. तरीही दोष येतो तो एकटीवर. थोरलं मूल गेलं की सासरी ‘हिच्या अंगात काहीतरी आहे’ म्हणतात, आणि ओपीडीत नवरा बहुतेक वेळा बाहेर उभा असतो.

मावशी : मी रक्त घेताना दोघांचं घेते आणि रिपोर्ट दोघांना शेजारी बसवून वाचून दाखवते. निम्मं तुझ्याकडून, निम्मं हिच्याकडून. कित्येक घरांत माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा उपचार तेवढाच. वाहक तपासणी कर, अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी कर. 35 कोटी लागत नाहीत.

दादा : लागत नाहीत, आणि ते झालंच पाहिजे. पण ती पुढच्या बाळाची सोय झाली. जन्माला आलेल्या मुलीला मी काय सांगू, की तू यायला नको होतीस? आणि पहिल्याच खेपेला ज्या घरात काही इतिहास नाही, तिथे कोण तपासणी करून घेतं? तुझ्या पद्धतीतसुद्धा आधी एक मूल आजारी पडावं लागतं.

मावशीने याला विरोध केला नाही. ती म्हणाली, एएलडीपासून सुरुवात कर, तिथे आपल्याच धोरणाच्या पहिल्या गटात लिहिलंय की मेंदूची ठळक लक्षणं दिसण्याआधी अस्थिमज्जा प्रत्यारोपण करा. दाता मिळाला तर ते आज इथे होतं, कुठलाही नवा विषाणू न लावता. मग स्वतःच म्हणाली, पण त्या मुलग्यांतल्या साधारण एकतृतीयांशांनाच लहानपणी मेंदूचा प्रकार होतो, बाकीच्यांचे एमआरआय वर्षानुवर्षं काढत बसावे लागतील, ते कोण काढणार? अशी ती आहे. स्वतः सुचवलेल्या वाटेवरचे खड्डेही तीच दाखवते.

मला दादाचं पटतं. थोरल्या मुलाने आजारी पडून धाकट्याला वाचवायचं, ही व्यवस्था आपण नाइलाज म्हणून धरून चाललोय, आणि रक्ताचे चार थेंब हातात असताना तो नाइलाज राहत नाही. गोव्याने 2008 मध्ये सरकारी खर्चाने नवजात तपासणी सुरू करून दाखवली होती. टाचेतून रक्त घ्यायला आपल्या परिचारिकांना शिकवता येतं, फिल्टर पेपर टपालानेही जातो. एसएमए आणि एएलडी आज सुरू व्हावेत, सगळीकडे. एमएलडी मात्र मावशीच्या अटीवर : आधी वेल्लोर किंवा मुंबईसारख्या एका ठिकाणी ट्रायलची परवानगी आणि पलंग, मग त्या ट्रायलला जोडलेल्या प्रसूतिगृहांतच तपासणी. दादाला ही अट मान्य नाही. मुलं सापडल्याशिवाय कुठलंही खातं पलंगाला पैसे मंजूर करणार नाही, असं तो म्हणतो. मावशी म्हणते, मग मंजुरीच्या अर्जाला त्या दोन मुलांच्या केसपेपरची प्रत जोड, पहिल्याचा आणि दुसरीचा, दोन्ही माझ्याकडे आहेत, नावं खोडून देते. दादाने ते मागून घेतले आहेत.